सेतू राखला, सेतूभोवतीचे कुरण कोण राखणार?

तमिळनाडूतील रामनाथपुरमजवळ तिरुप्पुल्लाणी नावाचे गाव आहे. वैष्णवांच्या १०८ दिव्यदेशांपैकी ते एक. तेथील मंदिरात प्रभू रामचंद्रांची एक मूर्ती दर्भाच्या शय्येवर पहुडलेली आहे. लंकेकडे जाण्यास समुद्राने वाट द्यावी म्हणून राम सागरतीरी दर्भ अंथरून तीन रात्री प्रार्थना करीत राहिले, ही युद्धकांडातील कथा तेथे मूर्तिरूपाने जपली गेली आहे. तमिळमध्ये गवताला ‘पुल’ म्हणतात. त्या तीर्थाच्या नावातच ते गवत आहे.

या गावापासून सेतुकरैचा किनारा जवळ आहे. दक्षिणेला मन्नारचे आखात, उत्तरेला पाल्कचा उपसागर आणि दोहोंच्या मध्ये रामसेतू. मराठी माणसाला हा प्रदेश परका नाही. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने काशी-रामेश्वर यात्रा केली, सेतूची वाळू प्रयागच्या संगमात अर्पण केली आणि गंगेची कावड रामेश्वरावर रिती केली. परंतु ज्या पाण्याला आपण हात जोडले, त्या पाण्याखाली काय आहे, याचा विचार आपण क्वचितच केला. तेथेही गवत आहे. समुद्राच्या तळावर पसरलेली हिरवी कुरणे आहेत आणि गेली कित्येक दशके ती खरवडली जात आहेत.

समुद्रगवत आणि शेवाळ यांची अनेकदा गल्लत केली जाते. समुद्रगवत ही खरीखुरी सपुष्प वनस्पती आहे. तिला मुळे असतात, पाने असतात, पाण्याखालीच फुले येतात आणि बी धरते. सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचेल अशा उथळ, शांत पाण्यात ती वाढते. पाल्कचा उपसागर नेमका असाच आहे. भारताच्या किनाऱ्यांवरील समुद्रगवताचे क्षेत्र उपग्रहचित्रांच्या आधारे सुमारे ५१७ चौरस किलोमीटर मोजले गेले आहे. त्यातील मोठा हिस्सा पाल्क आणि मन्नारच्या पाण्यात, म्हणजे सेतूच्या दोन्ही बाजूंना आहे.

या कुरणांचे काम मोठे आहे. कोळंबी, खेकडे आणि कितीतरी माशांची पिल्ले येथे वाढतात. म्हणजे मच्छीमाराच्या उद्याच्या पोटाची सोय येथे होते. मुळांचे जाळे तळाची वाळू बांधून ठेवते, पाने लाटांचा जोर कमी करतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२० सालच्या अहवालानुसार, महासागरांच्या तळाचा जेमतेम ०.१ टक्का भाग व्यापणारी ही वनस्पती समुद्रात साठणाऱ्या कार्बनपैकी १८ टक्क्यांपर्यंतचा भार उचलते. २०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १ मार्च हा जागतिक समुद्रगवत दिन म्हणून घोषित केला. तो प्रस्ताव मांडला होता श्रीलंकेने, सेतूच्या पलीकडच्या किनाऱ्याने.

याच कुरणांवर डुगाँग जगतो. तमिळ मच्छीमार त्याला ‘कडल पसु’ म्हणतात, म्हणजे समुद्रगाय. नाव गायीचे असले तरी प्राणिशास्त्राच्या दृष्टीने तिचे गोत्र हत्तीचे आहे. ती दिवसाला तीस-चाळीस किलो समुद्रगवत खाते. तेरा-चौदा महिन्यांच्या गर्भारपणानंतर एकच पिल्लू होते आणि दोन पिल्लांत अनेक वर्षांचे अंतर असते. एवढ्या मंद गतीने वाढणारा प्राणी जाळ्यात अडकून मरू लागला तर त्याची भरपाई निसर्गाला करता येत नाही. आज भारताच्या साऱ्या समुद्रात मिळून अवघ्या काही शे समुद्रगायी उरल्या आहेत.

आपण काय वाचवले, काय विसरलो

या साप्ताहिकाच्या वाचकांना २००५ ते २००८ हा काळ आठवत असेल. २ जुलै २००५ रोजी मदुराईत तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते सेतुसमुद्रम् प्रकल्पाचा प्रारंभ झाला. १६७ किलोमीटर लांबीचा, ३०० मीटर रुंदीचा आणि १२ मीटर खोलीचा जलमार्ग या उथळ समुद्रात खणायचा होता आणि तो रामसेतूला छेदून जाणार होता. सप्टेंबर २००७ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयात रामायणातील व्यक्तींच्या ऐतिहासिक अस्तित्वाला पुरावा नसल्याचे प्रतिज्ञापत्र सादर झाले. देशभर संताप उसळला आणि ते काही दिवसांतच मागे घ्यावे लागले. त्याआधीच, ३१ ऑगस्ट २००७ रोजी, सेतूला हानी पोहोचवू नये असा न्यायालयाचा आदेश आला होता. पुढे डॉ. राजेंद्र पचौरी यांच्या समितीनेही पर्यायी मार्ग आर्थिक आणि पर्यावरणीय दृष्ट्या हितावह नसल्याचे मत दिले. २०१८ मध्ये केंद्र सरकारने सेतूला धक्का लावणार नसल्याचे न्यायालयात स्पष्ट केले.

हा विजय लहान नव्हता. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी सह्या गोळा केल्या, सभा घेतल्या, रस्ते रोखले. श्रद्धेचा उपहास करणाऱ्यांना समाजाने उत्तर दिले. आणि त्या आंदोलनाने नकळत आणखी एक गोष्ट केली. तो जलमार्ग पूर्ण झाला असता तर उपसलेल्या गाळाने पाणी गढूळ होऊन, प्रकाश अडून, मैलोन्मैल समुद्रगवत गुदमरले असते. आपण सेतू वाचवला, त्याबरोबर कुरणेही वाचली.

मात्र प्रामाणिकपणे एक प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. त्यानंतर आपण काय केले? खडक सुरक्षित झाले आणि आपण घरी परतलो. सेतूभोवतीच्या सजीव सृष्टीचा क्षय मात्र थांबला नाही. कारण तो जलमार्गाच्या एका मोठ्या यंत्राने होत नव्हता, तर शेकडो नौकांच्या जाळ्यांनी रोज थोडा थोडा होत होता. त्याविरुद्ध मोर्चा काढता येत नाही, कारण समोर आपलीच माणसे आहेत.

नांगर फिरतो समुद्रतळावर

तळ खरवडणारे ट्रॉल जाळे म्हणजे समुद्रात फिरणारा नांगर. वजनदार दोर आणि फळ्या तळाला घासत जातात आणि वाटेत येणारे गवत मुळासकट उपटले जाते. शेतातला नांगर पेरणीसाठी फिरतो; हा फिरतो आणि मागे काहीच पेरीत नाही.

हे जाळे आपल्या परंपरेतले नाही. रामनाथपुरमच्या कोळ्यांच्या वाडवडिलांकडे वल्ह्याच्या आणि शिडाच्या होड्या होत्या, गळ होते, ऋतुमानानुसार बदलणारी जाळी होती. १९५२ च्या करारातून केरळात इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला. परकीय साहाय्य, परकीय तंत्र आणि ‘आधुनिकीकरण’ हे शब्द घेऊन यांत्रिक मासेमारी आली. कोळंबीला परदेशात डॉलर मिळू लागले आणि पुढच्या दोन-तीन दशकांत ट्रॉलर साऱ्या किनाऱ्यावर पसरले. उथळ, अरुंद पाल्कच्या उपसागरात तर त्यांची अतोनात दाटी झाली. परदेशात जे शिकवले जाते ते आपल्या भूमीला, आपल्या पाण्याला मानवेल का, हा प्रश्न त्या काळच्या नियोजनकारांनी विचारला नाही.

त्याच वृत्तीचे दुसरे उदाहरण पुढील काळातले. या शतकाच्या प्रारंभी एका बहुराष्ट्रीय शीतपेय कंपनीने पाल्कच्या किनाऱ्यावर कप्पाफायकस या मूळच्या फिलिपाइन्सच्या समुद्रशैवालाची लागवड सुरू केली. महिलांना रोजगार मिळाला, हे खरे. परंतु २००८ साली मन्नारच्या आखातातील कुरुसडै बेटाजवळ हे शैवाल जिवंत प्रवाळांवर चढलेले आढळले. ते प्रवाळ १९८६ सालापासून सागरी राष्ट्रीय उद्यान म्हणून संरक्षित असलेल्या क्षेत्रातले होते. उपजीविकेच्या नावाने आणलेला पाहुणा घरच्यांच्याच मुळावर आला.

ट्रॉलरच्या प्रश्नाला राष्ट्रीय सुरक्षेचीही बाजू आहे. १९७४ साली कच्चतीवू बेट श्रीलंकेला देऊन टाकण्यात आले आणि आपल्या मच्छीमारांच्या पारंपरिक हक्कांचा त्या वेळी पुरेसा विचार झाला नाही. हा मुद्दा आपण मांडतो, मांडलाच पाहिजे. तमिळ मच्छीमाराला पकडून नेले जाते, त्याची नौका जप्त होते, कधी त्याच्यावर गोळीबार होतो. हे कोणत्याही स्वाभिमानी देशाने सहन करू नये. पण त्याचबरोबर हेही मान्य करावे लागेल की, आपल्या बाजूचा तळ खरवडून संपल्यामुळेच ट्रॉलर सीमेपलीकडे ओढले जातात. श्रीलंकेने २०१७ साली तळ खरवडणाऱ्या मासेमारीवर कायद्याने बंदी घातली. पलीकडच्या किनाऱ्यावरचे जाफन्याचे मच्छीमारही तमिळच आहेत, हिंदूही आहेत, आणि युद्धाने पोळलेल्या त्या लोकांची जाळी आपले ट्रॉलर फाडतात. अलीकडचे कुरण पुन्हा हिरवे झाले तर सीमा ओलांडण्याची निकडच कमी होईल. समुद्रगवताचे रक्षण हा म्हणूनच केवळ पर्यावरणाचा विषय राहत नाही.

लावणी सोपी, जगवणे कठीण

गेलेले गवत परत आणता येते का? येते, आणि आपल्याच देशात त्याचे प्रयोग झाले आहेत. तुतिकोरिनच्या सुगंती देवदासन सागरी संशोधन संस्थेने मन्नारच्या आखातात चांगल्या कुरणातील रोपे काढून, ती चौकटींना सुतळीने बांधून उजाड तळावर बसवली. तंजावर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर काम करणाऱ्या ओमकार फाऊंडेशनने याच कामासाठी बांबूच्या चौकटी आणि काथ्याचे दोर वापरले. रोपे मुळे धरतात आणि बांबू व काथ्या कालांतराने समुद्रातच विरून जातात. पाणबुड्या मारून हे काम करणाऱ्यांत स्थानिक मच्छीमारही आहेत. तमिळनाडू शासनाने सप्टेंबर २०२२ मध्ये पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचे डुगाँग संवर्धन राखीव क्षेत्र घोषित केले. देशातले ते पहिलेच. राज्यात कोणत्या पक्षाचे शासन आहे याचा विचार न करता या निर्णयाचे स्वागत केले पाहिजे.

परंतु यात एक धोका आहे. २०१६ साली जगभरातील सतराशेहून अधिक लागवडींचा आढावा घेतला गेला. त्यात जगण्याचे प्रमाण सरासरी ३७ टक्केच निघाले. त्या आढाव्यातून दोन गोष्टी पुढे आल्या. ज्या कारणाने गवत गेले ते कारण आधी दूर केले असेल तरच लावणी तगते. आणि अगदी लहान तुकड्यात केलेली लावणी बहुधा वाया जाते, मोठ्या प्रमाणावर केलेली टिकण्याचा संभव अधिक असतो. आपल्याकडे वनमहोत्सवातल्या रोपांचे पुढे काय होते हे सर्वांना ठाऊक आहे. दरवर्षी त्याच खड्ड्यात नवे रोप आणि तेच छायाचित्र. समुद्राच्या तळावर तर कोणी पाहायलाही जात नाही. आज लावलेल्या गवतावरून उद्या ट्रॉलर फिरणार असेल तर ती लावणी नव्हे, पैशाचे जलसमर्पण आहे.

यशाचेही उदाहरण आहे आणि ते संयमाचे उदाहरण आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या अटलांटिक किनाऱ्यावरील खाड्यांतले समुद्रगवत १९३० च्या दशकात रोगाने आणि १९३३ च्या चक्रीवादळाने पार नाहीसे झाले. त्याबरोबर तेथील शिंपल्यांचा व्यवसायही बुडाला. सुमारे सत्तर वर्षे तळ उजाड राहिला. १९९९ पासून तेथील संशोधकांनी आणि स्वयंसेवकांनी दरवर्षी बी गोळा करून ते पेरायला प्रारंभ केला. वीस वर्षांत सात कोटींहून अधिक बिया पेरल्या गेल्या आणि सुमारे ३,६०० हेक्टर कुरण पुन्हा उभे राहिले. वीस वर्षे एकच काम, त्याच ठिकाणी. आपल्याकडील कोणत्या शासकीय प्रकल्पाची मुदत वीस वर्षांची असते?

पैसा कोठून येणार?

खरा प्रश्न येथे येतो. आज जगात समुद्रकिनाऱ्यांच्या संवर्धनासाठी पैसा उभारण्याचे नवनवे मार्ग सांगितले जात आहेत. कार्बन साठवणाऱ्या कुरणांचे मोजमाप करावे आणि ते ‘क्रेडिट’ धूर ओकणाऱ्या कंपन्यांना विकावे, हा त्यातला सर्वांत गाजणारा मार्ग. सेशेल्स या हिंदी महासागरातील लहानशा बेटराष्ट्राने २०१८ साली दीड कोटी डॉलरचे ‘निळे रोखे’ काढले. त्यांचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते.

परंतु या मार्गांना गाभा मानण्यापूर्वी दोनदा विचार केला पाहिजे. रोखे म्हणजे शेवटी कर्ज. ते फेडावे लागते. आणि कार्बनच्या बाजाराचे काय होऊ शकते ते ऑस्ट्रेलियाच्या शार्क बे या उपसागराने दाखवले आहे. तेथे २०१०-११ च्या सागरी उष्णलहरीत सुमारे एक तृतीयांश कुरणांना हानी पोहोचली आणि शतकानुशतके तळात साठलेला कार्बन लाखो टन कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने परत हवेत गेला. ज्या मालाची साठवण एका उन्हाळ्यात उडून जाऊ शकते, तो माल विकून आपण देणेकरी व्हायचे का? शिवाय अशा व्यवहारात मोजणारा तज्ज्ञ परदेशी, प्रमाणपत्र देणारी संस्था परदेशी, घेणारा परदेशी. आणि ज्याने जाळे टाकायचे थांबवले त्या कोळ्याच्या हाती शेवटी काय पडते? कार्बनचा पैसा आला तर जोडीला घ्यावा. त्यावर घर बांधू नये.

मग आपल्या घरात काय आहे ते पाहू. वनभूमी अन्य कामांसाठी वळवताना द्यावयाच्या भरपाईचा निधी, ज्याला ‘कॅम्पा’ म्हणतात, त्यातून २०१९ साली केंद्राने राज्यांना ४७,४३६ कोटी रुपये हस्तांतरित केले. त्याच्या केवळ एक टक्का म्हणजे ४७४ कोटी होतात. हा निधी समुद्रापर्यंत पोहोचू शकत नाही असे नाही. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचा २०१६ मध्ये सुरू झालेला डुगाँग प्रकल्प याच निधीतून उभा राहिला. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात केंद्राने ‘मिष्टी’ योजना जाहीर केली. तिचे उद्दिष्ट नऊ राज्ये आणि चार केंद्रशासित प्रदेशांत ५४० चौरस किलोमीटर कांदळवनाचे. ही योजना स्तुत्य आहे. परंतु कांदळवन पाण्याबाहेर दिसते म्हणून त्याला योजना मिळाली. त्याच्यापुढे पाण्याखाली असलेल्या गवताला तशी स्वतंत्र योजना नाही. किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत समुद्रगवताची कुरणे सर्वाधिक संवेदनशील वर्गात मोडतात. कायद्याने मान दिला, तिजोरीने दिलेला नाही.

पैसा असूनही तो योग्य ठिकाणी लागला पाहिजे, हा धडा २०१७ च्या योजनेने दिला आहे. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या शासनाने पाल्कच्या ट्रॉलरना खोल समुद्रातील मासेमारीकडे वळवण्याची योजना आणली. तीन वर्षांत २,००० नौका बदलायच्या होत्या. नव्या नौकेची किंमत ८० लाख रुपये. त्यातील ५० टक्के केंद्र, २० टक्के राज्य, २० टक्के बँकेचे कर्ज आणि १० टक्के मच्छीमाराचे. योजनेची दिशा अचूक होती. रोगाच्या मुळावर घाव घालणारी ती योजना होती. तरीही प्रत्यक्ष बदललेल्या नौका उद्दिष्टाच्या जवळपासही पोहोचल्या नाहीत. कारण समजून घ्यायला अर्थशास्त्री लागत नाही. मच्छीमाराने ८ लाख हातातून घालायचे आणि १६ लाखांचे कर्ज डोक्यावर घ्यायचे. एका रात्रीत जाऊन येणाऱ्याने आठवडेच्या आठवडे खोल समुद्रात राहायचे. हे कौशल्य वेगळे, बाजार वेगळा, घरच्यांची चिंता वेगळी. या संक्रमणात त्याचा हात धरणारे कोणी नव्हते.

याउलट आपल्या महाराष्ट्रातील एक लहान उदाहरण पाहा. राज्यात २०१२ साली कांदळवन कक्ष स्थापन झाला. २०१७ पासून किनाऱ्यावरील गावांत खेकडापालन, कालवपालन, पर्यटन अशा उद्योगांसाठी गटांना ९० टक्के आणि व्यक्तींना ७५ टक्के अनुदान देण्याची योजना सुरू झाली. त्याचप्रमाणे जाळ्यात अडकलेला संरक्षित जीव, मग तो देवमासा असो वा कासव, जाळे कापून सोडून देणाऱ्या मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची पद्धत सुरू झाली. रक्कम मोठी नाही, पण तत्त्व महत्त्वाचे आहे. ज्याने सोडले त्याला नुकसान होऊ द्यायचे नाही. पाल्कच्या उपसागरात हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर लागू केले पाहिजे.

अक्षयनिधी हवा

म्हणून समुद्रगवतासाठी येणाऱ्या पैशाचा पहिला हक्क रोपांचा नसावा, जाळे उचलणाऱ्याचा असावा. कुरणावरून ट्रॉलर हटला तर मुळे शिल्लक असलेल्या ठिकाणी गवत पुष्कळदा आपोआप परतते. जेथे परतत नाही तेथे लावणी करावी. आणि हा पैसा पाच वर्षांच्या प्रकल्पाचा नसावा. आपल्या पूर्वजांना ही कल्पना नवी नव्हती. नंदादीप अखंड जळावा म्हणून देवस्थानाला जमीन लावून दिली जाई. मूळ जमीन विकायची नाही, उत्पन्नातून तेल घालायचे. देवराई हे त्याचेच रूप. देवाच्या नावाने राखलेल्या रानात कुऱ्हाड चालत नसे, कारण राखणारे गाव होते आणि पाहणारा देव होता. समुद्रातील या देवराईसाठी तसाच अक्षयनिधी हवा. मूळ रक्कम अबाधित ठेवून तिच्या व्याजातून मच्छीमार संस्थांना दरवर्षी निश्चित मोबदला मिळावा, आणि तो कुरण प्रत्यक्ष वाढले की घटले हे पाहून मिळावा. निधीचे विश्वस्त गावातून यावेत. कॅम्पाचा वाटा, या समुद्राचा व्यापारी उपयोग करणाऱ्या बंदरांचा आणि निर्यातदारांचा वाटा, आणि समाजाचा वाटा असे त्याचे तीन स्रोत असू शकतात.

समाजाचा वाटा म्हटला की काही जण हसतील. वर्गणीतून कधी समुद्र राखला जातो का? त्यांनी कन्याकुमारीकडे पाहावे. विदर्भात जन्मलेल्या एकनाथजी रानडे यांनी समुद्रातील एका खडकावर विवेकानंद स्मारक उभारण्याचे काम हाती घेतले, तेव्हाही अनेक जण हसले होते. विरोध होता, पैसा नव्हता. एकनाथजींनी राज्याराज्यांतील शासनांकडे मदत मागितली आणि त्याच वेळी सामान्य माणसाकडे एक रुपया मागितला. लाखो लोकांनी तो दिला. सप्टेंबर १९७० मध्ये स्मारक पूर्ण झाले आणि त्यातून पुढे विवेकानंद केंद्र उभे राहिले. रुपयापेक्षा त्यातून निर्माण झालेले आपलेपण मोलाचे होते. ज्याने एक रुपया दिला त्याच्यासाठी ते स्मारक सरकारचे राहिले नाही, त्याचे झाले. पाल्कच्या कुरणांना आज पैशाइतकीच गरज या आपलेपणाची आहे.

एक आक्षेप आणखी येतो. देशात माणसे अर्धपोटी असताना समुद्राच्या गवतावर खर्च कशाला? उत्तर सोपे आहे. ज्यांची आपण काळजी करतो त्या गरिबांतलेच हे कोळी आहेत. यांत्रिक नौका नसलेला लहान होडीवाला तर या गवताच्या काठावरच जगतो. तमिळनाडूच्या १९८३ च्या कायद्याने किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांचे पाणी त्याच्यासाठी राखून ठेवले आहे, पण तेथेही ट्रॉलर शिरतात. कुरण गेले तर आधी तो उपाशी राहील.

२६ जानेवारी १८९७ रोजी पाश्चात्य देश गाजवून परतलेल्या स्वामी विवेकानंदांनी भारतभूमीवर पहिले पाऊल ठेवले ते याच पाण्याच्या काठी, पांबनला. दुसऱ्या दिवशी रामेश्वराच्या मंदिरात बोलताना, मूर्तीत शिव पाहणे ही पूजेची केवळ सुरुवात आहे आणि दीनदुबळ्यांत शिव पाहणे ही खरी पूजा, हा विचार त्यांनी मांडला. त्याच्या तीनशे वर्षे आधी पैठणच्या नाथांनी हेच आचरून दाखवले होते. रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड त्यांनी वाळवंटात तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती केली आणि रामेश्वराला अभिषेक पोहोचला असे मानले.

आपल्या घरातून आजही कोणी ना कोणी रामेश्वरला जातो. बावीस कुंडांचे स्नान होते, धनुष्कोडीला जाऊन सेतूच्या दिशेने हात जोडले जातात, फोटो काढले जातात. पुढच्या यात्रेत त्या किनाऱ्यावर क्षणभर थांबून पाण्याखालच्या त्या गवताची आठवण ठेवावी. जमल्यास तेथे काम करणाऱ्यांना भेटावे, त्यांना काय कमी पडते ते विचारावे, परतल्यावर शाखेत आणि मंडळात ते सांगावे. आपल्या खासदाराला एक पत्र लिहावे, की कॅम्पाच्या निधीत समुद्रगवताला वाटा का नाही. सेतू बांधताना खारीने वाळूचे कण वाहिले, ही कथा आपण मुलांना सांगतो. तो सेतू आपल्या पिढीने राखला. त्याच्याभोवतीचे कुरण राखण्याचे काम अजून बाकी आहे.